मोर्चाबरोबर पुरावाही हवा



गावात अत्याचार होतो, आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो. मात्र खटला उभा राहीपर्यंत साक्षीदार फितूर होतो, पंचनामा अर्धवट निघतो आणि आरोपी निर्दोष सुटतो. व्यवस्था जातीयवादी आहेच. पण पुरावा जमवण्यात आपण कुठे कमी पडलो, हेही आपण स्वतःला विचारले पाहिजे.

१७८७ साली थॉमस क्लार्कसन हा तरुण इंग्लंडच्या ब्रिस्टल आणि लिव्हरपूल बंदरांत गेला. ही शहरे गुलामांच्या व्यापारावर गब्बर झाली होती. या धंद्यातून देशाला तरबेज खलाशी मिळतात, असे त्याचे समर्थक सांगत. क्लार्कसनने जहाजांचे हजेरीपट तपासले, मेलेल्या खलाशांची मोजदाद केली. या धंद्यात खलाशीही मोठ्या संख्येने मरत होते! धंद्याच्याच कागदांनी धंदेवाल्यांना खोटे पाडले. लिव्हरपूलच्या दुकानातून त्याने बेड्या, अंगठे चिरडणारे स्क्रू आणि अन्न नाकारणाऱ्या गुलामाचे तोंड बळाने उघडण्याचे हत्यार विकत घेतले. खलाशांना, जहाजावरच्या डॉक्टरांना बोलते केले. त्याला धक्क्यावरून पाण्यात ढकलण्याचाही प्रयत्न झाला. तरी तो थांबला नाही. १८०७ साली ब्रिटिश संसदेने हा व्यापार बंद केला. वीस वर्षे लागली.

पण हे श्रेय एकट्या क्लार्कसनचे नाही. गुलामी भोगलेल्या ओलाउडा इक्वियानोने १७८९ साली स्वतःचे आत्मचरित्र छापले. हैतीच्या गुलामांनी १७९१ साली बंड केले. मुक्ती कुणाच्या दयेने मिळत नसते.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, कारण दोन्हीकडचे दुखणे त्यांनी ओळखले होते. बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे आणि सायमन कमिशनपुढे आपली बाजू लेखी, मुद्देसूद मांडली. धर्मग्रंथांतूनच त्यांनी जातिव्यवस्थेविरुद्धचा पुरावा काढला.

म्हणून आपण प्रत्येक तालुक्यात नोंदवही ठेवू. फिर्यादीची प्रत, वैद्यकीय दाखला, तारीखवार फोटो आणि साक्षीदारांची नावे त्याच दिवशी जमा करू. ज्याने साक्ष दिली त्याच्या घराला, रोजगाराला आधार देऊ. नाहीतर तो फितूर झाला म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार?

घोषणा वाऱ्यावर विरते. कागद न्यायालयात बोलतो.

जयभीम!