‘अवाजवी भार’ कोणाला?

अपंग व्यक्तीने डॉक्टर व्हावे की नाही, हा वाद निदान न्यायालयापुरता संपला आहे. केवळ अपंगत्वाची टक्केवारी मोजून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही, विद्यार्थ्याची प्रत्यक्ष कार्यक्षमता तपासावी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये बजावले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘दोन्ही हात शाबूत हवेत’ ही अट राज्यघटनेशी विसंगत ठरवून न्यायालयाने तीही मोडीत काढली. परंतु महाविद्यालयाचे दार उघडले म्हणजे वॉर्डाचे दार उघडले असे नव्हे. तेथे न्यायाधीश बसत नाहीत. तेथे अधीक्षकाचे राज्य असते.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्याने ‘वाजवी सोयी’ पुरविणे बंधनकारक केले. या सोयी काही चैनीच्या नव्हेत. ऐकू कमी येणाऱ्या डॉक्टरला आवाज वाढविणारा स्टेथोस्कोप, चाकाच्या खुर्चीवरील डॉक्टरसाठी खालीवर होणारे तपासणीचे टेबल, चालू स्थितीतील लिफ्ट, वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि झेपेल अशी ड्यूटी, एवढीच ही मागणी. मात्र व्याख्येतच एक पळवाट ठेवलेली आहे: या सोयींचा संस्थेवर ‘अवाजवी भार’ पडता कामा नये. हा भार मोजणार कोण? अर्थातच मालक! खाजगी इस्पितळांवर तर अपंगांसाठी जागा राखण्याचेही बंधन नाही. ४ टक्के आरक्षण फक्त सरकारी आस्थापनांना, खाजगी मालकांना केवळ प्रोत्साहनाचे गाजर.

सरकारी सेवेतही गोष्ट निराळी नाही. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही, असे कायद्याचे कलम २० सांगते. पण अकरा महिन्यांच्या कंत्राटावरील डॉक्टरला काढावे लागतच नाही. कंत्राटाची मुदत संपते, नवे कंत्राट निघत नाही, आणि कलमाला ओरखडाही न पडता माणूस रस्त्यावर येतो. अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणून देवत्व बहाल करणाऱ्या राज्यकर्त्यांना रॅम्प बांधण्यापेक्षा नामकरण स्वस्त पडले, यात नवल ते काय?

यावर ‘रुग्णांच्या जिवाचे काय?’ असा प्रश्न मोठ्या साळसूदपणे टाकला जातो. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीचा आधार घेणारे डॉ. सुरेश अडवाणी यांनाही वैद्यकीय प्रवेश आधी नाकारण्यात आला होता. त्याच अडवाणींनी पुढे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, १९८३ मध्ये, भारतातील अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा पाया घातला. अर्थात प्रत्येक अपंग डॉक्टरने अडवाणीच व्हावे, तरच त्याला खुर्ची मिळेल, ही अपेक्षाही अन्यायाचीच. धडधाकट डॉक्टरकडून कोणी अलौकिक कर्तृत्वाचा दाखला मागत नाही. आणि रुग्णाच्या जिवाला खरा धोका कोणापासून आहे? निवासी डॉक्टरची सलग ड्यूटी सामान्यतः बारा तासांहून अधिक नसावी, आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा असावा, असे केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत नमूद आहे. प्रत्यक्षात छत्तीस छत्तीस तास न झोपलेला डॉक्टर सुया टोचतो, औषधांचे डोस लिहितो; तेव्हा ‘रुग्णहिता’चे हे पहारेकरी कोठे असतात?

खेदाची बाब ही की, काही निवासी डॉक्टरांनाही हा सापळा दिसत नाही. अपंग सहकाऱ्याची रात्रपाळी आपल्या माथी का, अशी कुरबुर वॉर्डात होते. कुरबुर खोटी नाही, तिचा रोख मात्र चुकीचा आहे. रात्रपाळी माथी येते ती सहकाऱ्याच्या पायांमुळे नव्हे, रिक्त पदे न भरणाऱ्या सरकारमुळे. एकाला सूट देताच कोलमडणारे वेळापत्रक सर्वांनाच चिरडत असते. म्हणून डॉक्टरांच्या संघटनांनी वाजवी सोयींची मागणी दयेच्या अर्जातून काढून कामाचे तास आणि पदभरती यांच्यासोबत एकाच मागणीपत्रात घातली पाहिजे. सोयींचा खर्च विभागाच्या तुटपुंज्या तरतुदीतून न करता आरोग्य खात्याच्या स्वतंत्र निधीतून व्हावा. सोय नाकारायची झाल्यास कारण लेखी द्यावे. आणि त्यावरील अपील ऐकणाऱ्या समितीत अधीक्षकाइतकेच स्थान संघटनेच्या व अपंग डॉक्टरांच्या प्रतिनिधींना असावे.