एजंटची व्याख्या ग्राहकाच्या हाती हवी



‘एआय एजंटसाठी खुले प्रमाणक कशाला, एकाच कंपनीशी चांगला करार करावा’ असे सांगणारे पत्र वाचले. ते पटले नाही. शिवाय पत्रलेखकांनी दोन गोष्टींची गल्लत केली आहे. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४मध्ये आणलेले एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) हे प्रमाणक एजंटला बाहेरची साधने जोडून देते. एजंटला कोणत्या सूचना, कोणती साधने, कामाचा क्रम काय, ही व्याख्याच मॉडेलपासून वेगळ्या फाइलीत लिहिणे हे ओरॅकलच्या ओपन एजंट स्पेसिफिकेशनसारख्या प्रमाणकाचे काम. ती फाइल आपल्या ताब्यात असेल, तर दर वाढल्यावर दुसऱ्या कंपनीकडे जाता येते. नाहीतर सगळे पहिल्यापासून.

रूळ बनवणाऱ्या भिलाईत हे कळायला अवघड जाऊ नये. मीटरला ६० किलोच्या रुळाचा छेद, पोलाद आणि चाचण्या रेल्वेचे प्रमाणक ठरवते, कारखाना नव्हे. म्हणून इथला रूळ आणि रायगढच्या खासगी कारखान्यातला रूळ एकाच मार्गावर चालतो.

एक आक्षेप मात्र रास्त आहे: तीच फाइल दुसऱ्या मॉडेलवर तसेच उत्तर देईल याची हमी नाही. त्यावर उपाय प्रमाणक टाळणे हा नव्हे. नेहमीचे प्रश्न आणि अपेक्षित उत्तरे यांचा चाचणीसंच फाइलीसोबत ठेवावा आणि मॉडेल बदलताना तो आधी चालवावा. सरकारी निविदांत तरी फाइल आणि चाचणीसंच दोन्ही ग्राहकाला देण्याची अट घालावी.

– एक वाचक, भिलाई (छत्तीसगड)