गोष्टीतून वगळलेले दाजी

रविवारी बहिणीकडे साताऱ्याला गेलो होतो. दुपारी जेवणं झाली की दाजींनी ओसरीवर आडवं व्हायचं आणि मी शेजारी बसून पेपर चाळायचा, हा आमचा पंचवीस वर्षांचा रिवाज. या वेळी दाजी आडवे झाले नाहीत. भिंतीला टेकून बसून राहिले. थोड्या वेळाने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "वाचा जरा."

भाचीने टाकलेली पोस्ट होती. पुण्यातली नोकरी सोडून तिने गोधड्या शिवायला घेतल्या आहेत. पोस्टचं पहिलं वाक्य होतं, 'घरातल्या एकाही माणसाचा माझ्यावर विश्वास नव्हता.'

माझं डोकं सणकलं. कारण ज्या ओसरीवर आम्ही बसलो होतो, तिथेच तिची गोधडी अंथरली जाते आणि अंथरणारे दाजी असतात. गिऱ्हाइकाचं गाठोडं आलं की जुन्या साड्या धुऊन, वाळवून ते त्यांची घडी मोडून ठेवतात. मग थरावर थर अंथरायचे, सुरकुती हाताच्या पंज्याने कडेला नेऊन काढायची, आणि कापड हलू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. एका कोपऱ्यावर बहिणीचा वरवंटा, दुसऱ्यावर पाट, बाकी दोन ठिकाणी अंगणातले दगड. त्यानंतर भाची कडेकडेने आत धावदोरा घालत येते. अडुसष्ट वर्षांचा माणूस गुडघे दुखत असताना तास तास जमिनीवर रांगतो, आणि जगाला सांगायच्या गोष्टीत तो विरोधक!

भाचीला हाक मारली. तिने काही लपवलं नाही. "मामा, मला माहितीये ते खरं नाही. पण कार्यशाळेत सांगितलं की पहिल्या ओळीत दुःख पाहिजे. नाहीतर माणूस बोट फिरवून पुढे जातो." दीड दिवसाची कार्यशाळा, चार हजार रुपये फी. तिथे प्रत्येकाकडून आपापली 'संघर्षकथा' लिहून घेतली होती. हिच्याकडे सांगण्यासारखा विरोध नव्हता. "मग थोडा वाढव," असं सांगण्यात आलं.

तिची अडचण खोटी नाही. हाताने शिवलेल्या एका गोधडीत तिचे बारा-पंधरा दिवस जातात. बाजारात मशीनवरची रजई निम्म्याहून कमी पैशांत मिळते. फरक कशात आहे हे सांगितल्याशिवाय कळणार नाही, आणि सांगायचं तर आधी समोरच्याने थांबायला हवं. महिन्याचा पगार सोडून स्वतःच्या हिमतीवर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला गोष्ट सांगता यायलाच हवी, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण म्हणून बापाला पुसून टाकायचं?

परतीच्या एसटीत मला आमच्या आजोळचे कीर्तनकार बुवा आठवत राहिले. गोष्ट सांगून पोट भरणारा, पगार नसलेला, मी पाहिलेला पहिला माणूस तो. रामनवमीच्या उत्सवात ते तीन दिवस येत आणि आमच्याच घरी उतरत. उतरल्यावर पहिलं काम म्हणजे गावातून एक फेरी. पुजाऱ्याला, वाण्याला, पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारून येत: पाऊस कसा झाला, कोणाच्या घरी लग्न आहे, कोण आजारी आहे. रात्री कीर्तनात ते सगळं यायचं. हनुमान लंकेत शिरायचा, तेव्हा त्याला अडवणारी वेस आमच्या गावच्या वेशीसारखी असायची.

पूर्वरंगात बुवा अभंगाचं निरूपण करीत. आम्ही पोरं तेव्हा पेंगत असू, मोठी माणसंही जांभया देत. बुवा रागावत नसत. मध्यंतरात नामाचा गजर व्हायचा, बुवांना हार घालायचे, सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लागायचा. खांद्यावरचं उपरणं कमरेला बांधून बुवा पुन्हा उभे राहिले की पेंगणारं पोर खाडकन जागं व्हायचं, कारण आता आख्यान. त्यांचा आवाज फार चढत नसे. सीतेला मुद्रिका दिसते त्या जागी ते इतकं हळू बोलत, की मागच्या बायका पुढे सरकून बसत. लक्ष वेधून घ्यायला आवाज उतरवावा लागतो, हे मी तिथे पाहिलं.

शेवटी आरतीचं ताट फिरे. त्यात दहा-वीस पैशांची नाणी, क्वचित एखादी नोट. उत्सवाच्या शेवटी गावाकडून बिदागी. तेवढ्यावर त्या माणसाने दोन मुली उजवल्या.

एका वर्षी फाट्यापासून आमच्या गावापर्यंतचे चार किलोमीटर ते सुजलेल्या पायाने चालत आले होते. रात्री आजी त्यांना तेल गरम करून देत होती, तेव्हा मी तो पाय पाहिला. घोट्याचं हाड दिसत नव्हतं. त्याच पायावर ते अडीच तास उभे राहिले होते, नाचलेही होते. कीर्तनात त्या पायाचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. लोकांनी रामाची गोष्ट ऐकायला तेल-वात केली होती, बुवांच्या पायाची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गाडगेबाबांचं तर काम आणखी सरळ होतं. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभं राहायचं. वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं त्यांच्याकडूनच काढून घ्यायची. झाडलेला रस्ता समोर असताना त्यांना स्वच्छतेवर वेगळं भाषण करावं लागत नसे. देणग्या आल्या त्यांतून नाशिकला, पंढरपूरला, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या.

आपल्याकडे गोष्ट सांगून नाव कमावलेली माणसं काही थोडी नाहीत. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाला गावोगावी गर्दी खेचली. माडगूळकर आकाशवाणीत होते, मिरासदार प्राध्यापक होते. व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुविशारद होते. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादला नाट्यशास्त्र शिकवत आणि 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे ५२ पात्रं उभी करत. त्याचे दोन हजारांहून अधिक प्रयोग झाले. तीच गोष्ट, तीच पात्रं, दोन हजार वेळा! पगार असो वा नसो, या सगळ्यांची नजर दुसऱ्या माणसावर होती. त्याची चाल, त्याचं बोलणं, त्याची फजिती, त्याचा मोठेपणा. मिरासदारांच्या गावातल्या इरसाल माणसांत आपल्याला आपला शेजारी सापडतो, म्हणून आपण ऐकतो. आजच्या कार्यशाळांतून ही नजर शिकवली जात नाही. शिकवलं जातं ते आपलं दुःख चढ्या भावाने मांडणं. ज्याच्यापाशी दुःख नाही त्याला ते तयार करायला लावतात, आणि त्याची किंमत घरातला कोणीतरी मोजतो. मला राग आहे तो याचा.

हरिदासाची कथा मूळपदावर आणतो. निघण्याआधी मी भाचीला विचारलं होतं, "आत्ता जे गाठोडं आलंय, ते कोणाचं?" तिने ते उघडून दाखवलं. कोल्हापूरच्या एका बाईने आईची तीन लुगडी पाठवली होती. एकाच्या पदराला हळदीचा डाग. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, डाग काढू नका, तो वरच्या बाजूला येऊ द्या. दाजींनी ते लुगडं धुताना डागाचा भाग पाण्याबाहेर धरला होता.

"हे तू कुठे लिहिलंस?" मी विचारलं. ती गप्प झाली. "यात माझं काय आहे, मामा?" एवढंच म्हणाली.

मंगळवारी तिचा फोन आला. पहिली पोस्ट काढून टाकली होती. त्या कोल्हापूरच्या बाईंना विचारून तिने डागाची गोष्ट लिहिली होती. पदर पाण्याबाहेर धरणाऱ्या बाबांसकट. दाजींनी ती मला पाठवली. सोबत काही लिहिलं नव्हतं.

तुमच्या गावातही गोधडी शिवणारी एखादी बाई असेलच. तिला गाठोडं द्याल तेव्हा लुगडं कोणाचं, ते नक्की सांगा.