पाण्याचा हिशेब नकाशावर हवा

अहिल्यानगर शहर आज मुळा धरणाचे पाणी पिते. ते विळदमार्गे उपसून वसंत टेकडीवर चढवले जाते आणि मग घरोघर पोचते. वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की शहर टँकरची वाट पाहू लागते. याच शहराला निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव या बाजूंनी जमिनीखालच्या खापरी नळांतून पाणी येई, तेही केवळ उताराच्या बळावर. 1583 मध्ये पुरा झालेला फराहबाग महाल तलावाच्या मधोमध बांधला होता. पर्जन्यछायेतल्या मुलखात पाण्याची सोय लावल्याशिवाय असा महाल कागदावर काढणेही शक्य नव्हते.

आपण वास्तुविशारद आज कागदावर काय काढतो? 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. म्हणून मंजुरीच्या नकाशात एका कोपऱ्यात चौकोन येतो. सावेडीच्या प्लॉटला जो छेद, तोच पाथर्डीच्या आणि तोच संगमनेरच्या. त्याखाली आपली सही असते. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की त्या चौकोनाकडे कोणी फिरकत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तो खणलेलाही नसतो. हा दोष एकट्या बिल्डरवर ढकलून चालणार नाही. जे जमिनीत उतरणार नाही ते काढायचे आणि त्यावर सही करायची, हा आपल्या व्यवसायाचा दोष आहे.

आपली जमीन बेसाल्टची आहे. वरची काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. त्याखाली मुरूम आणि भेगाळलेला, कुजका खडक लागतो. मुरायची जागा तिथे आहे. त्याच्याही खाली एकसंध काळा पाषाण. शोषखड्डा काळ्या मातीतच थांबला तर डबके होते, पाषाणात खणला तर हौद होतो. म्हणजे खड्ड्याची खोली प्रत्येक साईटवर वेगळी ठरणार आणि ती ट्रायल पिट घेतल्याशिवाय कळणार नाही. पायासाठी खड्डा आपण घेतोच, त्याच वेळी मुरूम कुठे लागला याची नोंद करायला खर्च येत नाही. मुरूम फार खोल असेल तर गाळणी लावून गच्चीचे पाणी आवारातल्या बोअरला द्यावे. मात्र पहिल्या सरींचे मळके पाणी बाहेर सोडणारी तोटी त्यात हवीच.

गच्ची 100 चौरस मीटरची, पाऊस 500 मिलिमीटर धरला, तर वर्षाला 50 हजार लिटर पाणी पडते. वीस टक्के वाया गेले तरी 40 हजार लिटर उरते. दहा हजार लिटरचे चार टँकर झाले हे. घरमालकाला पर्यावरणाचे व्याख्यान देण्यापेक्षा हा आकडा दाखवावा, तो लगेच पटतो.

उन्हाचेही असेच. पश्चिमेला काच लावून मग एसीचा भार मोजण्यापेक्षा त्या बाजूला जिना, संडास-बाथरूम, माळे घ्यावेत, खिडकीवर पुरेसा छज्जा द्यावा. अहिल्यानगरची जुनी माळवदे पांढऱ्या मातीच्या जाड थराने दुपारचे ऊन अडवत. ती आज जशीच्या तशी बांधा असे आम्ही म्हणणार नाही, पण उघड्या स्लॅबवर पांढऱ्या चायना मोझॅकचा थर तरी द्यायला हवा. वाळूबद्दल वेगळे सांगायला नको. प्रवरा, मुळा, सीनेची पात्रे आपल्याच कामांसाठी खरवडली गेली आहेत. प्लॅस्टर कुठे टाळता येईल, क्रश सँड कुठे चालेल, हे निविदेत लिहिणारे हात आपलेच आहेत.

हिवरे बाजारचे गावकरी दरवर्षी पावसाचे माप घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ठरवतात. शेतकरी जे करू शकतात ते पदवीधर वास्तुविशारदाला अवघड नसावे. आमची सूचना अशी: प्रत्येक प्रकल्पाच्या नकाशासंचात एक पान पाण्याच्या ताळेबंदाचे असावे. छतावर किती पाणी पडणार, किती वापरले जाणार, किती मुरणार, किती गटारात जाणार आणि टँकर किती लागतील. मंजुरी देणारे कार्यालय मागो न मागो, ते ग्राहकाच्या हातात द्यावे.

पुढच्या अंकात जिल्ह्यातल्या पुनर्भरणाच्या कामांचे छेद आम्ही छापणार आहोत. निदान दोन पावसाळे पाहिलेली कामे पाठवा. सोबत ट्रायल पिटची नोंद आणि आता गाळणी किती तुंबली आहे याचे छायाचित्र जोडा. फसलेली कामेही हवी आहेत.