साइटवर टाकून ठेव रे!

मागच्या विकांताला वेल्ह्याला गेलो होतो. तोरणा चढायला नाही, एका लग्नाला. (मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच.) आणि लग्नात आयटीवाल्याच्या नशिबी जे येतं तेच आलं. पंगतीत शेजारी बसलेला मुलगा हळूच म्हणाला, "दादा, कुठं ओपनिंग असलं तर सांगा ना."

तोंडात जिलबी असताना सगळे जे म्हणतात तेच मी म्हणालो. "कंपनीच्या साइटवर टाकून ठेव रे."

"टाकलंय दादा. दीडशेच्या वर झाले. एक्सेल शीट आहे माझ्याकडं. तुमच्या कंपनीत पण टाकलंय."

जिलबी घशातच अडकली राव!

तर मंडळी, आपण येता-जाता देतो तो हा सल्ला म्हणजे शुद्ध टोलवाटोलवी आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय.

संध्याकाळी त्याच्या मोबाइलवर आमच्याच कंपनीचा फॉर्म पुन्हा उघडून बघितला. आधी रेझ्युमे अपलोड करा, मग त्यातलंच सगळं परत टाइप करा, ही करमणूक तुम्हाआम्हाला ठाऊक आहेच. पुढे आला लाल चांदणीवाला रकाना : बारावीचे टक्के. पोराने दहावीनंतर डिप्लोमा केला आणि मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेला. गावाकडची कितीतरी मुलं याच रस्त्याने येतात, तीन वर्षांत हाताला काहीतरी लागतं म्हणून. त्याने बारावी केलीच नाही, तर तिथे लिहायचं काय? रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे सरकत नाही. डिप्लोमाचे टक्के टाकले तर उद्या कागदपत्रं तपासताना "खोटी माहिती". शून्य टाकलं तर साठ टक्क्यांच्या चाळणीत खल्लास.

तो शून्य टाकत होता. प्रामाणिकपणे.

म्हणजे त्याचा कोड, त्याचा प्रोजेक्ट कुणी वाचून नाकारलाच नाही. वाचलाच नाही! आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांनी २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांच्या वरिष्ठांना विचारलं. चांगले, लायक उमेदवार केवळ अटींशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून आमच्या सिस्टिममधून गळतात, असं ८८ टक्के जणांनी कबूल केलं. सहा महिन्यांपेक्षा जास्त गॅप असली की बाहेर, ही त्यातलीच एक चाळणी.

आता कुणी म्हणेल, पोर्टलवरून लागलेली माणसं आम्ही बघितली आहेत. मीही बघितली आहेत. टीसीएसने २०१८ साली नॅशनल क्वालिफायर टेस्ट सुरू केली. जिथे असं हजारोंनी फ्रेशर्स घ्यायचे असतात, तिथे अर्ज म्हणजे परीक्षेचं हॉलतिकीट. त्यांच्या अटींत तर "डिप्लोमा असल्यास" असं चक्क लिहिलेलं असतं. तिथे जरूर भरा. पण जिथे दोन जागा आणि ढीगभर अर्ज आहेत, तिथे काय होतं ते पॅनेलवर बसणाऱ्यांना माहीत आहे. आधी रेफरलचे रेझ्युमे उघडतात. त्यातच जागा भरते. उरलेल्यांना दोन महिन्यांनी "वुई रिग्रेट"ची मेल, तीही आली तर.

पूर्वी याला वशिला म्हणायचे आणि तो लावताना माणूस निदान ओशाळायचा तरी. आता रेफरल म्हणतात आणि वर बोनस मिळतो! माझ्या तीन नोकऱ्यांपैकी दोन अशाच लागल्या, त्यामुळे मी काही धुतल्या तांदळाचा नाही. कॉलेजचा रूममेट आधी आत गेला होता, एवढीच माझी पुण्याई. वेल्ह्याच्या पोराचा रूममेट कुठे आत आहे? तोही शून्य टाकून बसलाय.

बरं, फिल्टर कोण लिहितं? आपणच की. ओपनिंग टाकताना मॅनेजर जुनी जाहिरात कॉपी-पेस्ट करतो, एचआर त्यावर टिकमार्क करते, अन् आपल्यातलाच कुणीतरी ते कॉन्फिगर करून घरी जातो. एकदा तरी स्वतःच्या कंपनीचा फॉर्म डिप्लोमावाला बनून भरून बघितलाय? प्रॉडक्टचं टेस्टिंग करतो, याचं नाही.

पोराचा रेझ्युमे सोमवारी मी रेफरलमध्ये टाकला. पण त्या एक्सेल शीटमध्ये अजून दीडशे कंपन्या आहेत आणि तिथे मी नाही. बारावीचा रकाना ऐच्छिक करा म्हणून आमच्या एचआरलाही मेल केली. उत्तर आलं, "प्लीज रेझ अ टिकिट."

केलंय. प्रायॉरिटी आपोआप "लो" लागली आहे.