कोळी, कीटकनाशक आणि ओला फडका

होळी झाली आणि ऊन तापायला लागलं की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक पाण्याची आणि दुसरी, "आमच्या अलोकेशियाची पानं अशी राखाडी का पडलीत गं?" पहिलीवर माझ्याकडे उत्तर नाही. दुसरीवर आहे, आणि ते जरा रागानेच द्यायचं आहे. कारण या प्रश्नाला सर्रास जे उत्तर दिलं जातं ते नुसतं चुकीचं नाही, घातक आहे. ते उत्तर म्हणजे, "दुकानातून कीटकनाशक आण आणि मार फवारा!"

आधी गुन्हेगार कोण ते बघू. अलोकेशिया, मॉन्स्टेरा, कॅलाथिया, कर्दळ, शोभेची केळ... ही सगळी मोठ्या पानांची मंडळी. पानावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक पांढरट-पिवळे ठिपके दिसू लागतात. मग पानाचा तजेला जातो, खालच्या बाजूला शिरांच्या कडेने धुळीसारखं काहीतरी दिसतं आणि शेवटी देठाजवळ तलम जाळी. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले, तर तो कोळी! आकार जेमतेम अर्धा मिलिमीटर. शेतकरी त्याला लाल कोळी म्हणतात, पण पुष्कळदा तो पिवळट-हिरवा आणि अंगावर दोन काळे डाग असलेला असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. हा प्राणी कीटक नाहीच. कीटकाला सहा पाय, याला आठ (अंड्यातून बाहेर येताना सहा असतात, पण ते तेवढ्यापुरतेच). हा जाळं विणणाऱ्या कोळ्याचा आणि गोचिडीचा नातेवाईक. त्यामुळे कीटकांसाठी बनवलेली बरीच विषं याला लागूच पडत नाहीत. तरीही नर्सरीत जाऊन विचारा. मी विचारलं होतं.

"ताई, हे घ्या. एक झाकण टाका बादलीत, सगळं मरतं."

"काका, सगळं म्हणजे काय काय?"

"सगळं म्हणजे... सगळं!"

बाटलीवर नाव होतं इमिडाक्लोप्रिड. मावा, तुडतुडे यांच्यावर चालणारं औषध. कोळ्यावर? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

बरं, नुसतं निरुपयोगी असतं तरी पैसे वाया गेले म्हणून सोडून दिलं असतं. पण ते उलटं फिरतं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या एल्म वृक्षांना एका परदेशी भुंग्यापासून वाचवण्यासाठी हेच इमिडाक्लोप्रिड दिलं गेलं, आणि त्या झाडांवर कोळ्यांचा सुळसुळाट झाला. २०११ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं, की कोळी खाणारे मित्रकीटक विषाने बाधित झाले आणि औषध दिलेल्या झाडांवर कोळ्यांनी अंडीही जास्त घातली. म्हणजे शत्रूला आपणच खुराक दिला आणि त्याच्यावरचे पहारेकरीही आपणच मारले. ही तक्रार नवीही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी विषं बागांमधून सढळ हाताने मारली जाऊ लागली, आणि तोवर किरकोळ असलेला कोळी बघता बघता मोठा उपद्रवी होऊन बसला.

त्यात याची वाढ बघा. उन्हाळ्याच्या उकाड्यात अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास आठवड्याभरात उरकतो. नर भेटला नाही तरी मादी अंडी घालते, त्यातून नर जन्मतात आणि संसार पुढे चालू! अशा झपाट्याने पिढ्या बदलणाऱ्या जिवाला विष पचवायला शिकणं काय अवघड? दोन ठिपक्यांच्या या कोळ्याने नव्वदहून अधिक रसायनांना दाद न देण्याची किमया केल्याची नोंद आहे. आणि आपण निघालो एक झाकण बादलीत टाकून त्याला संपवायला.

यावर हुशार मंडळी म्हणतील, "मग खास कोळीनाशक आणावं." मिळतात ना! डायकोफॉल हे असंच एके काळचं नावाजलेलं कोळीनाशक, डीडीटीच्याच घराण्यातलं. २०१९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या बंदी यादीत गेलं आणि २०२३ मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली. आज मिळणाऱ्या बाटल्यांवर पिकांची नावं असतात... मिरची, वांगी, चहा. रंगाचा त्रिकोण असतो, एकरी प्रमाण असतं. त्यात 'बैठकीच्या खोलीतला मॉन्स्टेरा, शेजारी रांगणारं बाळ' असं पीक मला तरी कुठे दिसलेलं नाही. जे विष मोकळ्या शेतात, मास्क-हातमोजे घालून, वाऱ्याची दिशा बघून मारायचं, ते आपण बंद गॅलरीत, त्याच हाताने पुढे पोळ्या लाटणार असताना मारतो. कशासाठी? तर पाहुण्यांना पान चकचकीत दिसावं म्हणून.

आणि खरं सांगायचं तर 'आपण' मारतच नाही. मारतो तो माळी. सोसायटीच्या आवारात पाठीवर पंप, पायात स्लीपर, तोंडावर फार तर रुमाल. आपण वरून खिडक्या लावून घेतो, "वास येतोय हो" म्हणतो आणि त्याला दोन तासांचे पैसे देतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले. तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो. त्या बिचाऱ्यांपुढे निदान पोटाचा प्रश्न होता. आपल्यापुढे शोभेच्या पानाचा आहे! हा फरक मला गिळता येत नाही.

"आम्ही बाई नैसर्गिकच वापरतो," म्हणणाऱ्यांनीही लगेच खूश होऊ नये. तंबाखूचा अर्क हा त्यांचा आवडता उपाय. तंबाखूतलं निकोटीन हे मज्जासंस्थेवर घाला घालणारं जहाल विष आहे आणि ते कातडीतूनही अंगात जातं. ते झाडावर उगवलं म्हणून सोज्वळ होत नाही. तसंच कपड्यांच्या पावडरीचं पाणी. त्याने कोळ्याआधी पानच भाजतं.

मग करायचं काय? अतिशय कंटाळवाणं, स्वस्त आणि खात्रीचं काम. झाड बाकीच्यांपासून बाजूला घ्यायचं. न्हाणीघरात नेऊन पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारायचा. मग एक हात पानाखाली धरून ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसायच्या आणि प्रत्येक झाडागणिक फडका धुवायचा. मोठं पान असण्याचा हाच तर फायदा आहे, ते पुसता येतं! प्रादुर्भाव जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य द्रवसाबण. आधी एका पानावर करून बघायचं, मग ऊन उतरल्यावर सगळ्या झाडावर. हे दर चार-पाच दिवसांनी, निदान तीन-चार वेळा, कारण पहिल्या खेपेला अंडी वाचतात. अगदी गेलेली पानं कापून पिशवीत बांधून टाकायची. पुढेही आठवड्यातून एकदा धूळ पुसायची आणि माती कोरडीठाक पडू द्यायची नाही. धूळ आणि तहान या दोन गोष्टी कोळ्याला फार मानवतात. नवीन आणलेलं झाड दोन आठवडे वेगळं ठेवायचं.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हा प्रश्न येणारच. त्याला माझं सरळ उत्तर असं, की वेळ नसेल तर झाडं कमी ठेवा. वीस कुंड्यांऐवजी चार ठेवा. झाड म्हणजे सोफा नव्हे, की आणला, कोपऱ्यात ठेवला आणि डाग पडला तर स्प्रे मारला. पान पुसताना जो पानाची खालची बाजू बघतो, त्याला कोळी दहा असतानाच दिसतो. जो फक्त वरून बघतो, त्याला तो दहा हजार झाल्यावर दिसतो. बाटली विकली जाते ती या दुसऱ्याच्याच जिवावर. आणि एवढं करूनही झाड गेलं तर जाऊ द्यावं. एका अलोकेशियासाठी कुणाच्या फुप्फुसात विष जाण्याइतकं ते मोलाचं नसतं.

असो. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये माळीकाकांच्या पाठीवरचा पंप हा विषय मी काढणार आहे. "यांचं डोकं फिरलंय" हे ऐकून घ्यायची तयारी आहे. तुमच्याही सोसायटीत असा पंप असेलच. बघा, तुम्हाला काढता येतो का विषय.