डॅशबोर्डला हात न लावता



घोडेगावहून शनिशिंगणापूरकडे वळणारा रस्ता आमच्या रोजच्या जाण्यायेण्याचा. दोन्ही बाजूंना ऊस, बैल फिरवून रस काढणाऱ्या रसवंत्या आणि शनिवार आला की गाड्यांची लांबच लांब रांग. त्या रांगेत आमची 1974 ची प्रीमियर पद्मिनी उभी राहिली, की परगावचे लोक काच खाली करून पाहतात. कुणी म्हणतो, "आमच्याकडंही होती." आणि मग हमखास प्रश्न येतो, "यात गाणी वाजतात का?"

गेल्या रमजान ईदला हाच प्रश्न आमच्या घरात निघाला आणि शीरखुर्म्याच्या वाट्या हातात असताना घरात अबोला व्हायची वेळ आली. त्यातून जे शिकलो, ते या महिन्याच्या सदरात सांगावेसे वाटते. जुनी गाडी नसली तरी जुनी शिवणयंत्रे, घड्याळे, कपाटे पुष्कळ घरांत आहेत.

भाईजानचा मुलगा पुण्याहून आला होता. "चाचा, अब्बाजानच्या गाडीत मोठी स्क्रीन बसवू या," म्हणाला. एका दुकानात तो विचारूनही आला होता. डॅशबोर्डचा पत्रा मधोमध कापायचा, चौकट बसवायची, अर्ध्या दिवसाचे काम. पैसे तो स्वतः देणार होता. पोराची हौस खरी होती. अम्मी काही बोलल्या नाहीत, पण उठून आत गेल्या. संध्याकाळी आपाचा फोन आला. तिला बातमी कळली होती. ती एवढेच म्हणाली, "माझा हिस्सा कापायच्या आधी मला विचारलं का?"

आधी आम्ही हसलो, मग गप्प झालो. अब्बा गेल्यावर घर आणि जमीन यांचे हिस्से झाले, गाडीचे कुणी काढलेच नव्हते. ती अजून सगळ्यांची आहे. शरीयतच्या हिशेबाने अम्मींचा आठवा भाग, उरलेल्याचे पाच वाटे, त्यातले दोन-दोन आम्हा दोघा भावांचे आणि एक आपाचा. चावी आमच्या खिशात असते म्हणून गाडी आमची होत नाही. आमच्याकडे ती अमानत आहे, आणि अमानत जशी मिळाली तशी हक्कदाराच्या हाती द्यावी, हे लहानपणापासून ऐकत आलो. कापलेला पत्रा मात्र परत देता येत नाही.

पत्रा कापला म्हणजे काय होते, हे आम्हाला चांगलेच माहीत आहे, कारण एकदा आम्हीच ती चूक केली होती. तरुणपणी मागच्या दोन्ही दरवाजांच्या पॅडला एका दुकानात गोल भोके पाडून स्पीकर बसवले. जुन्या गाडीच्या काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दरवाजात उतरतेच. दोन पावसाळ्यांत पॅडचा पुठ्ठा फुगला, स्पीकरचा कागद कुजला आणि कापलेल्या कडेला गंज धरला. तसे मूळ पॅड आजवर मिळालेले नाहीत. अब्बा रागावले नाहीत. नवे रेक्झिन लावून त्यांनी भोके झाकली. आजही हात फिरवला तर खळगा लागतो.

पद्मिनीचे सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ही गाडी आधी फियाट नावाने, मग पद्मिनी नावाने बनत होती. तिचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. शिवाय 2021 पासून केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आहे. तिची मुख्य अट म्हणजे गाडी मूळ रूपात असावी आणि चॅसिस, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार नसावा. अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच चालते, म्हणून आम्ही ती नोंदणी घेतलेली नाही. पण पुढच्या पिढीला घ्यावीशी वाटली तर वाट मोकळी असावी.

मग पोराला नाही म्हणायचे का? नुसते 'नाही' म्हटले असते, तर तो गाडीजवळ फिरकलाच नसता. आणि ज्या गाडीजवळ पोरे फिरकत नाहीत, ती दहा वर्षांत भंगारात जाते.

उत्तर शिंगणापुरातच सापडले. इथल्या घरांना चौकटी आहेत, दारे नाहीत. कुत्रे आत येऊ नये म्हणून फार तर एखादी फळी आडवी लावतात. आमचा अकीदा वेगळा असला तरी शेजाऱ्याच्या रिवाजाचा मान राखत आमच्या पिढ्या इथे राहिल्या. 2011 साली युको बँकेने गावात शाखा उघडली तेव्हा पेच पडला. बँकेला कुलूप हवे आणि गावात कुलूप चालत नाही. तेव्हा बँकेने दर्शनी बाजूला काचेचे पारदर्शक दार लावले आणि सहज दिसणार नाही असे विजेच्या चुंबकावर चालणारे कुलूप बसवले, असे छापून आले होते. बँकेचे काम झाले आणि गावाचा रिवाजही सांभाळला गेला.

आम्ही पोराला म्हटले, तुझी स्क्रीन तुझ्या खिशात आहेच. तुझा मोबाइल. आता फक्त आवाज मोठा करणारे यंत्र हवे, आणि ते दिसायचे कारण नाही. एकच अट घातली. गाडीत एकही नवे भोक पडणार नाही आणि बसवलेली प्रत्येक वस्तू एका दुपारी काढता आली पाहिजे.

काम असे केले.

सर्वांत आधी बॅटरीचे वजा टोक सोडले. मग मोबाइलवर सगळ्या जुन्या वायरिंगचे फोटो काढले. पन्नास वर्षांच्या वायरीचे वेष्टण कडक झालेले असते, ओढले की तुकडे पडतात. म्हणून जुन्या वायरीला कुठेही जोड दिला नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. पद्मिनी बारा व्होल्टची, बॅटरीचे वजा टोक बॉडीला जोडलेले. आजची सगळी यंत्रे याच पद्धतीची असतात. पण जुन्या विलायती घडणीच्या कित्येक गाड्यांत अधिक टोक बॉडीला असते. अशा गाडीत नवे यंत्र तसेच जोडले तर ते जळते, आणि त्याचा धातूचा डबा बॉडीला टेकला तर वायरही पेटू शकते. मीटर लावून खात्री केल्याशिवाय काहीही जोडू नये.

तिसरी गोष्ट भाराची. खोक्यावर '200 वॉट' छापलेले असते, पण तो क्षणभराचा आकडा. आम्ही खऱ्या अर्थाने पंधरा-पंधरा वॉट देणारा, ब्लूटूथ असलेला छोटा ॲम्प्लिफायर घेतला. तो मोठ्या आवाजातही तीन-चार अँपिअरपेक्षा जास्त ओढत नाही. पुढच्या दोन दिव्यांना मिळून आठेक अँपिअर लागतात. आमच्या गाडीला डायनॅमो आहे, आणि इंजिन मंद चालत असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. शनिवारच्या रांगेत दिवे, वायपर आणि दणदणीत आवाज एकदम चालवला तर सगळा भार बॅटरीवर. मोठा ॲम्प्लिफायर लावणाऱ्यांना पुढे डायनॅमो बदलावा लागतो, मग वायरिंग, आणि हळूहळू गाडीच बदलून जाते.

ॲम्प्लिफायर प्लायच्या तुकड्यावर बसवून पुढच्या लांब सीटखाली ठेवला. प्लाय सीटच्या मूळ बोल्टलाच पट्टीने धरला. तो घट्ट हवा. सुटलेले यंत्र घसरत ब्रेकच्या पेडलखाली गेले तर जिवावर बेतेल. बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणली आणि बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरातच दहा अँपिअरचा फ्यूज घातला. फ्यूज यंत्राशेजारी असून भागत नाही. वायर मध्येच घासून पत्र्याला लागली, तर बॅटरीजवळचा फ्यूजच आग टाळतो. वायर आत आणायला पत्र्यात आधीच असलेले रबरी बुशचे भोक वापरले. चावी बंद केली की यंत्रही बंद व्हावे म्हणून एक छोटा रिले लावला.

स्पीकरसाठी दरवाजे पुन्हा कापण्याचा प्रश्नच नव्हता. दोन छोट्या लाकडी पेट्या करून घेतल्या आणि मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवल्या. पेटीच्या तळाला नमदा चिकटवला आणि नायलॉनच्या पट्ट्यांनी ती सीटच्या मूळ सांगाड्याला आवळली. जोरात ब्रेक लागला की मोकळी पेटी पाठीमागून डोक्यात बसते, म्हणून पट्ट्या ओढून पाहिल्या. आवाज चारही बाजूंनी घुमत नाही, हे खरे. बोलणे आणि तिलावत मात्र स्वच्छ ऐकू येते.

पहिल्यांदा सुरू केले तेव्हा ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी आणि स्पार्कची कटकट ऐकू आली. स्पीकरच्या वायरी बॅटरीच्या वायरीला चिकटून नेल्या होत्या. एक वायर डाव्या बाजूने आणि दुसरी उजव्या बाजूने नेली, अर्थची जागा घासून स्वच्छ केली आणि इग्निशन कॉइलला कंडेन्सर जोडला. कटकट थांबली, शिट्टी अगदी थोडी उरली.

डॅशबोर्डखाली लोखंडी पट्टीला लटकणारा अब्बांचा दोन बटणांचा जुना रेडिओ जिथे होता तिथेच आहे. काही कारागीर अशा रेडिओच्या पोटातला जुना सांगाडा काढून त्यात ब्लूटूथ बसवून देतात. बाहेरून काही कळत नाही. ज्यांचा रेडिओ पूर्ण निकामी आहे त्यांना हा मार्ग चांगला, फक्त काढलेला सांगाडा डब्यात नाव लिहून जपावा. आमचा रेडिओ अजून खरखरतो, म्हणून त्याला हात लावला नाही. त्याचा काटा अब्बांनी शेवटी लावला त्या जागेवर आहे.

दडवलेल्या यंत्राचा आणखी एक फायदा. बिनदारांच्या या गावातही 2010 साली एका भाविकाने गाडीतून रोकड आणि ऐवज गेल्याची तक्रार केली होती, आणि 2015 पासून इथे पोलीस ठाणेही आहे. दिसत नाही त्या वस्तूचा कुणाला मोह होत नाही.

आवाजाबद्दलही घरात एक गोष्ट ठरली. नमाजच्या वेळी मशिदीजवळून आणि गर्दीच्या दिवशी देवस्थानाजवळून जाताना आवाज बंद. काय ऐकावे यावर घराघरांत मते वेगळी असतील, पण आपल्या गाडीचा आवाज दुसऱ्याच्या घरात शिरू नये, यावर मतभेद नसावा. दारे नसलेल्या घरात तर तो सरळ आत जातो.

सगळे झाल्यावर भाच्यापुतण्यांना बोलावून आम्ही बसवलेले सारे पुन्हा काढून दाखवले. वायरी, पेट्या, प्लाय, फ्यूज. पाना आणि पकड एवढ्यावर चाळीस मिनिटांत गाडी होती तशी झाली. मग पुन्हा बसवले. कुठली वायर कुठून गेली याचे चित्र काढून, उरलेल्या स्क्रूंसह बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. डब्यावर आपाने स्वतःच्या हाताने लिहिले, 'गाडीचे, फेकू नये.' ती मुद्दाम श्रीरामपूरहून आली होती. हिस्सेदार म्हणून.

संध्याकाळी अम्मींना घेऊन घोडेगावपर्यंत चक्कर मारली. पोराने मोबाइलवर सूरह रहमानची तिलावत लावली. अम्मी बराच वेळ ऐकत राहिल्या. मग डॅशबोर्डाकडे पाहिले, जुन्या रेडिओच्या बटणावर बोट ठेवले आणि विचारले, "हा तर बंद आहे. मग आवाज कुठून येतोय?"

पोराने सीटकडे बोट दाखवले. त्या म्हणाल्या, "असू दे तिथंच."

हिस्सेदारांपैकी तेवढी एक संमती घ्यायची राहिली होती. तीही मिळाली. आपल्या घरात अशी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिच्यात बदल करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. हे पुन्हा होते तसे करता येईल का? आणि ही वस्तू आणखी कुणाची आहे? अल्लाह आपल्याला अमानती सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.